मेटाट्रॉन कोण, आणि त्याच्या नावाची पट्टी दाराला लावावी का?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या वन्सं दोन दिवसांच्या ‘एंजल हीलिंग’ शिबिराला जाऊन आल्या. येताना ‘मेटाट्रॉन क्यूब’ कोरलेली तांब्याची पट्टी आणली आणि दाराच्या चौकटीवर ठोकली. शिबिरात सांगितलं गेलं की मेटाट्रॉन हा ज्यूंच्या कबालातला, म्हणजे गूढविद्येतला, सगळ्यांत बलवान महादूत, तो पूर्वी माणूस होता, ही आकृती हजारो वर्षांपूर्वीची आहे, आणि त्याचं नाव रोज १०८ वेळा जपलं की घरातली नकारात्मक ऊर्जा निघून जाते. यातलं खरं किती आणि जप करावा का, असं त्या विचारतात. पट्टीचा फोटोही पाठवलाय.

ताई, आधी रोखठोक सांगतो. माणूस होता, हे परंपरेत आहे. सगळ्यांत मोठा, हेही काही ग्रंथांत आहे. आकृतीचं म्हणाल तर ती ज्यूंच्या एकाही जुन्या ग्रंथात नाही. आणि जप करू नका असं दुसरं कुणी नाही, कबालावालेच सांगतात. मी वीसेक वर्षं हिब्रू आणि अरामी ग्रंथ वाचतो, शिकवतो. हल्ली माझ्याकडे येणारे बरेच जण तल्मूदमुळे, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या संग्रहामुळे नाही, गळ्यातल्या लॉकेटमुळे येतात. त्याला माझी हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे: या लोकांनी मेटाट्रॉनचा मुकुट तेवढा उचलला आणि त्याला बसलेले फटके गाळून टाकले. फटके गाळले की गोष्टच उरत नाही.

सुरुवात बायबलच्या एका ओळीत आहे. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासूनची वंशावळ येते. वाचायला सातबाऱ्याइतकी कोरडी: अमका इतकी वर्षं जगला, त्याला मुलं झाली, मग तो मेला. पुढचा, मग तोही मेला. सातव्या पिढीला यारेदचा मुलगा, मथुशलहाचा बाप हनोख येतो आणि ठेका चुकतो. आजूबाजूचे बहुतेक नऊशेच्या घरात जगलेले, हा फक्त ३६५ वर्षं. आणि ‘मेला’ हा शब्दच नाही. तो देवाबरोबर चालला, आणि मग तो नव्हता, कारण देवाने त्याला नेलं. बस, एवढंच.

‘नेलं’ म्हणजे कुठे? इथून फाटा फुटतो. ओंकेलोसच्या नावाने चालणाऱ्या अरामी भाषांतरात सरळ म्हटलंय की देवाने त्याला मरण दिलं. ‘बेरेशित रब्बा’ या जुन्या भाष्यात एक मत असं की हनोख कधी चांगला वागायचा, कधी वाईट. तेव्हा चांगला असतानाच देवाने त्याला उचलला. थोडक्यात, बऱ्याच रब्बींना या माणसाचं कौतुक नको होतं. पण योनाथानच्या नावावर चुकीने खपलेलं दुसरं एक अरामी भाषांतर आहे, त्यात त्याच ओळीला लिहिलंय की तो स्वर्गात चढला आणि त्याचं नाव मेटाट्रॉन, थोर लेखनिक, असं पडलं. लेखनिक म्हटल्यावर तुम्हाला चित्रगुप्त आठवेल. आठवू द्या, पण फार ताणू नका.

हा माणूस देवदूत कसा झाला याचं सविस्तर वर्णन ‘सेफेर हेखालोत’ या ग्रंथात आहे. हेखालोत म्हणजे महाल, स्वर्गातले एकात एक सात महाल. ह्यूगो ओदेबेर्ग यांनी १९२८ साली त्याचा हिब्रू पाठ भाषांतरासह छापला, तेव्हापासून अभ्यासक त्याला ‘तिसरा हनोख’ म्हणतात. रब्बी यिश्माएल वर जातो, सातव्या महालाच्या दाराशी अडतो, आणि त्याला आत घ्यायला येतो तो मेटाट्रॉन. मग मेटाट्रॉन स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगतो. तो वर आला तेव्हा देवदूतांना दुरूनच माणसाचा वास आला, आणि बाईच्या पोटी जन्मलेला हा इथे कशाला, म्हणून त्यांनी नाकं मुरडली. देवाने त्यांचं ऐकलं नाही. हनोखचा आकार जगाच्या लांबीरुंदीएवढा वाढवला, एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ३६ असे ७२ पंख दिले, ३,६५,००० डोळे लावले. आकडा ओळखीचा वाटतोय ना? त्याचं आयुष्य ३६५ वर्षांचं होतं. मग त्याचं मांस ज्वाला झालं, शिरा आग झाल्या, हाडं निखारे झाली, पापण्यांच्या विजा झाल्या. हे वाचताना मला दर वेळी वाटतं की हे वैभव आहे की भाजणं आहे, ते लिहिणाऱ्यालाही पक्कं ठरवता आलेलं नाही.

शेवटी देव त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतो आणि सगळ्या दरबारासमोर त्याला नाव देतो: ‘धाकटा याह्वे’. प्रत्यक्ष देवाचं चार अक्षरी नाव, पुढे फक्त ‘धाकटा’ जोडलेला. आधार बायबलातल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायाचा. तिथे देव इस्राएल लोकांना सांगतो की मी तुमच्यापुढे एक दूत पाठवतोय, त्याच्याशी बंड करू नका, कारण माझं नाव त्याच्यात आहे.

पण याच ग्रंथात त्याचं दुसरं एक नाव आहे आणि ते मला मुकुटापेक्षा जास्त आवडतं: ‘नाआर’. कोश उघडलात तर अर्थ मिळेल ‘तरुण’, ‘मुलगा’, आणि ‘नोकर’सुद्धा. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: पोऱ्या. चहाच्या टपरीवर ‘ए पोऱ्या’ म्हणतात, तो. ग्रंथ कारण देतो की बाकीचे देवदूत सृष्टीच्या आरंभापासूनचे, हा मागाहून आलेला, वयाने सगळ्यांत लहान. म्हणजे स्वर्गातला सगळ्यांत मोठा अधिकारी तिथला पोऱ्या आहे. शिबिरात हे नाव सांगितलं असेल असं वाटत नाही.

आता फटके. बॅबिलोनी तल्मूदमध्ये मेटाट्रॉनचं नाव अगदी मोजक्या ठिकाणी येतं. त्यांतली खगीगा या भागाच्या १५अ पानावरची जागा नीट बघू, कारण सगळा पेच तिथे आहे. चार विद्वान ‘पर्देस’मध्ये, म्हणजे बागेत, शिरले. बाग म्हणजे परमार्थाच्या गुह्य ज्ञानाचं क्षेत्र. बेन अझ्झाय पाहून मेला. बेन झोमाला पाहून वेड लागलं. रब्बी अकिवा सुखरूप बाहेर आला. चौथा एलिशा बेन अबूया, त्याने ‘रोपं तोडली’, म्हणजे श्रद्धा सोडली. याला पुढे तल्मूद नावाने हाकही मारत नाही, नुसतं ‘अखेर’ म्हणतो. अखेर म्हणजे ‘तो दुसरा’.

त्याने काय पाहिलं? मेटाट्रॉन बसलेला पाहिला. तेवढंच. मेटाट्रॉनला इस्राएलची पुण्यकर्मं लिहून घ्यायला बसायची परवानगी मिळाली होती. लिहिणाऱ्याला बसावं लागतंच. पण अखेरने शिकलेलं असं की वर बसणं नाही, स्पर्धा नाही, पाठ नाही, थकवा नाही. राजदरबारात बसतो एकच, बाकी सगळे उभे. हा बसलाय म्हणजे? त्याच्या तोंडून निघून गेलं: वर दोन सत्ता तर नाहीत ना?

त्यावर मेटाट्रॉनला बाहेर काढलं आणि आगीचे साठ फटके मारले. कारण दिलं ते असं: त्याला आलेला पाहिलंस, तेव्हा उठून उभा का राहिला नाहीस? एवढंच. तू देव असल्याचं ढोंग केलंस, असा आरोप नाही. पाहुणा आल्यावर उठला नाहीस, हा गुन्हा. आपल्याकडे वडीलधारं माणूस आलं तर खुर्चीतून उठतात, तसा साधा शिष्टाचार. पण त्या एका न उठण्यामुळे एका मोठ्या विद्वानाचा धर्म गेला. पुढच्या भाष्यकारांनी विचारलंच, परवानगीने बसला होता तर शिक्षा कसली? त्यांचं उत्तर असं की मार शिक्षेसाठी नव्हता, दाखवण्यासाठी होता: याच्याही वर कुणीतरी आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. ‘तिसऱ्या हनोख’मध्येही हा प्रसंग येतो आणि तिथे तो मेटाट्रॉन स्वतः सांगतो. मुकुट आणि फटके, दोन्ही त्याच्याच तोंडून.

तल्मूदच्याच सान्हेद्रिन या भागातली, ३८ब मधली जागा म्हणजे खडाजंगीच. एक पाखंडी रब्बी ईदितला खिंडीत गाठतो. निर्गमात देव मोशेला ‘प्रभूकडे वर ये’ म्हणतो. बोलणारा देवच असेल तर ‘माझ्याकडे ये’ म्हणायला हवं होतं. ईदित म्हणतो, तो मेटाट्रॉन, त्याचं नाव त्याच्या धन्याच्या नावासारखं आहे. पाखंडी लगेच पकडतो: मग त्याची पूजा करा की! ईदितचं उत्तर असं की ‘त्याच्याशी बंड करू नका’ या वचनातून देव हेच सांगतो: माझ्या जागी त्याला बसवू नका. आणि आम्ही तर त्याला ‘परवान्का’ म्हणूनसुद्धा पत्करला नाही. परवान्का म्हणजे पुढे धावणारा निरोप्या. हा शब्द अरामीत फारसीतून आलेला, आपल्या ‘परवान्या’च्या गोतावळ्यातला.

‘त्याचं नाव धन्याच्या नावासारखं’ हे कसं, ते बोटांवर मोजून दाखवतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते, त्या हिशेबाला गेमात्रिया म्हणतात. मेटाट्रॉन सहा अक्षरांत लिहितात: मेम ४०, टेट ९, पुन्हा टेट ९, रेश २००, वाव ६, नून ५०. बेरीज ३१४. आता देवाचं ‘शद्दाय’ म्हणजे सर्वसमर्थ हे नाव घ्या: शीन ३००, दालेत ४, योद १०. तेही ३१४. माझे पहिले गुरुजी, ठाण्याचे एक वृद्ध बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, गृहस्थ, हा हिशेब मराठीतून पुटपुटत करायचे, ‘चाळीस आणि नऊ, एकोणपन्नास...’ नाव मात्र उच्चारायचे नाहीत. पानावर बोट ठेवायचे.

नावाचा मूळ अर्थ काय यावर शंभर वर्षं वाद आहे. कुणी ग्रीक ‘थ्रोनोस’, म्हणजे सिंहासन, पकडतो. कुणी लॅटिन ‘मेतातोर’, म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन तळाची जागा आखणारा. तोडगा निघालेला नाही, पुढे जाऊ.

तिसरी जागा छोटी आणि हळवी आहे. अवोदा झारा ३ब मध्ये विचारलंय की देव दिवसाच्या शेवटच्या तीन तासांत काय करतो? लहान मुलांना शिकवतो, आणि भाष्यकार म्हणतात ती लहानपणीच गेलेली मुलं. बरं, मग पूर्वी त्यांना कोण शिकवायचं? एक उत्तर: मेटाट्रॉन. माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंना यापलीकडे मेटाट्रॉनबद्दल काहीही ऐकायचं नव्हतं. कारण मी विचारलं नाही.

आता वन्संच्या बाजूनेही बोलायला हवं. दाराला, घराला राखण म्हणून मेटाट्रॉनचं नाव वापरणं हे थोतांड म्हणून उडवून लावता येत नाही. इराकमधल्या निप्पूरला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८८ पासून उत्खनन केलं, तेव्हा मातीचे साधे वाडगे निघाले; त्यांतले बरेच जमिनीत पालथे पुरलेले. आतल्या बाजूला अरामी मजकूर, बहुतेकदा गोल गोल फिरत गेलेला, कधी मध्ये साखळदंडात जखडलेल्या भुताचं वेडंवाकडं चित्र. जेम्स माँटगोमेरी यांनी त्यांतले ४० मजकूर १९१३ मध्ये छापले. घरातल्या माणसांची नावं आईच्या नावासकट येतात, अमकीचा मुलगा तमका, अशी. त्या काळच्या अशा वाडग्यांवर मेटाट्रॉनचं नावही आहे, सगळ्या जगाचा थोर अधिपती म्हणून. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनियातली एखादी गृहिणी वन्संसारखंच करत होती. फरक एवढाच की तिच्या वाडग्यावर मजकूर होता: कोण, कुणाचं, कशापासून रक्षण. तुमच्या पट्टीवर वर्तुळं आहेत.

त्या वर्तुळांचं मूळ कबालात शोधू नका. तेरा वर्तुळं, प्रत्येकाचं केंद्र बाकी प्रत्येकाच्या केंद्राला जोडायचं, अशा ७८ जोडण्या. दिसायला सुरेख, मुलांना भूमितीत रस लावायला उत्तम. पण ‘मेटाट्रॉन क्यूब’ हे नाव विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू एज शिबिरांतून पसरलं. झोहर हा कबालाचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकातल्या स्पेनमधला, त्यात ही आकृती नाही. मेटाट्रॉन भरपूर आहे, पण आठवड्याचे सहा दिवस जगाचा कारभार बघणारा सेवक, शेखिनेचं, म्हणजे देवाच्या सान्निध्याचं, वस्त्र, अशा रूपांत. तल्मूदचा धाक तिथेही आहे: किती वर चढवायचं, आणि कुठे हात आखडायचा.

मधला टप्पा युरोपातल्या गूढविद्यावाल्यांचा, तो भराभर सांगतो. कोलोनच्या अग्रिपाने १५३३ मध्ये तीन भागांत छापलेल्या ग्रंथात दहा सेफिरोतपैकी, म्हणजे कबालातल्या देवाच्या शक्तीच्या पायऱ्यांपैकी, सगळ्यांत वरच्या ‘केतेर’ला मेटाट्रॉन जोडला. १८८८ मध्ये लंडनला निघालेल्या ‘गोल्डन डॉन’ मंडळाने तीच मांडणी उचलली: वर मेटाट्रॉन, तळाच्या ‘मालखूत’ला सान्दल्फोन. यांनी ज्यूंची एक झोपतानाची प्रार्थनाही डोळ्यांपुढे ठेवलेली दिसते: उजवीकडे मिखाएल, डावीकडे गाब्रिएल, पुढे उरिएल, मागे राफाएल. दिशा यांनी बदलल्या, राफाएल पुढे आणला, गाब्रिएल मागे नेला. मूळ प्रार्थनेत या चौघांनंतर शेवटची ओळ येते की माझ्या डोक्यावर देवाचं सान्निध्य. मेटाट्रॉन त्यात कुठेच नाही, आणि मला वाटतं ते विसरल्यामुळे नाही.

सान्दल्फोनचं नाव निघालंय म्हणून कोकणाकडे जरा वळतो. तल्मूदमध्ये तो जमिनीवर उभा आहे, डोकं स्वर्गातल्या चार जीवांपर्यंत पोचलेलं, आणि देवासाठी मुकुट विणतोय. पुढच्या कबालाने ठरवलं की मेटाट्रॉन जसा हनोख, तसा सान्दल्फोन म्हणजे अग्निरथातून वर गेलेला संदेष्टा एलिया. हाच एलिया, एलियाहू हानाबी, आपल्या बेने इस्राएलांचा जिव्हाळ्याचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाची चाकं आणि घोड्याच्या टापा उमटल्यात अशी श्रद्धा आहे, आणि त्याच्या नावाने घरोघर मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. तिथे सान्दल्फोनचं नाव कुणी काढत नाही. पोहे एलियाहूच्या नावाने, प्रार्थना देवाला.

जपाचं उत्तर राहिलं. गालिलमधल्या सफेदला १५७२ मध्ये वारलेले आरी, म्हणजे यित्झाक लुरिया, हे आजच्या जवळपास सगळ्या कबालाचे मूळपुरुष. त्यांचे शिष्य हाईम विताल लिहितात की देवदूतांची नावं तोंडाने उच्चारायला गुरूंची मनाई होती. सूट फक्त मिखाएल, गाब्रिएल अशांना, जी नावं माणसांनाही ठेवतात. म्हणून कबालावाले मेटाट्रॉनला लिहिताना-बोलताना आद्याक्षरांवरून नुसतं ‘मतात’ म्हणतात. ठाण्याचे गुरुजी बोट का ठेवायचे, ते मला हे वाचल्यावर कळलं. तेव्हा १०८ वेळा जप करायचाच असेल तर तुमच्या घरात चालत आलेल्या नावाचा करा. कबालाच्या नावाने कबालाला नको असलेली गोष्ट करण्यात काही अर्थ नाही.

आणि वन्संना काही सांगायचंच असेल तर जर्मनीतल्या मध्ययुगीन हसीदांकडून, म्हणजे ज्यू भक्तमंडळींकडून, आलेली कथा सांगा. हनोख चांभार होता. चांभाराच्या आरीचा प्रत्येक टोचा मारताना तो देवाच्या वैभवाच्या नावाला धन्य म्हणायचा, आणि वरचं कातडं तळव्याला जोडता जोडता वरचं जग खालच्या जगाला शिवत जायचा. त्या टाक्यांमुळे तो मेटाट्रॉन झाला. आपल्या सावता माळ्याच्या, गोरा कुंभाराच्या माणसांना हे समजवायला वेगळं शिबिर लागत नाही.

पट्टी काढायची की ठेवायची हे घरातलं राजकारण, त्यात मी पडत नाही. तांबं आहे, दिसतेही छान. फक्त फोटो मोठा करून बघा. वर्तुळांखाली सहा हिब्रू अक्षरं कोरलीत. हिब्रू उजवीकडून वाचतात आणि लांब शेपटाचा नून फक्त शब्दाच्या शेवटी येतो. तुमच्या पट्टीवर तो उजवीकडून पहिलाच आहे. म्हणजे संगणकाने अक्षरं उलटी लावली, आणि वाचायला गेलं तर ‘नोरटटम’ असं काहीतरी होतं. या नावाचा कुणी देवदूत माझ्या वाचनात नाही. मात्र अक्षरं उलटी असोत की सुलटी, बेरीज ३१४च येते. वन्सं रागावल्या तर एवढं त्यांना सांगा.